स्टेजवर घेतलेलं नाव

तीर्थपुरी,
१० ऑगस्ट २०२५

माननीय श्री. किशनलालजी शेठ यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. कुंभार पिंपळगावच्या तुमच्या बियाण्याच्या दुकानावर मी चार वेळा फोन केला. चौथ्यांदा तुमचा पुतण्या श्रेयांस बोलला. म्हणाला, "काकाजी म्हणतात, गुरुजीला लिहून पाठवायला सांग. बोलायला लागले की ते भाषण करतात." ठीक आहे. लिहितो.

कनिकाला पाचवा महिना लागला आहे. तिने मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. ती मागणारी मुलगी नाही, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. सातव्या महिन्यात तुम्ही तिला न्यावं, निदान तिच्या आईने, लाडबाईंनी, एकदा येऊन तिला भेटावं, एवढंच मागणं आहे.

त्याआधी वडीगोद्रीच्या भाषणाचा विषय मी टाळणार नाही. मागच्या डिसेंबरात माझ्या कल्याणने आणि तुमच्या मुलीने जालन्याला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोघंही सज्ञान, दोघंही शिकलेली. जानेवारीत तुम्ही पत्रिका छापली. शोकपत्रिका! जिवंत मुलीचा फोटो, फोटोला हार आणि खाली, आमच्यासाठी ती वारली, असा मजकूर. ती पत्रिका आमच्या हाती आली. फेब्रुवारीत वडीगोद्रीच्या व्याख्यानमालेत मी ती वाचून दाखवली आणि तुमचं नाव घेतलं. नुसतं नाव. ना शेठ, ना जी. "किशनलाल, ऐक!" असं म्हणालो. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्याचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. मी तो फिरवलेला नाही.

तुम्हाला त्रास झाला याचा मला खेद आहे. तत्त्वाचा खेद नाही. चाळीस वर्षं मी बोलतो आहे. मी मंत्र्याला साहेब म्हटलेलं नाही, मठातल्या महाराजाला महाराज म्हटलेलं नाही. जिथे माणसाच्या नावापेक्षा नावाला चिकटलेलं शेपूट मोठं होतं, तिथे माणसं वाकून चालतात, हे मी शंभर गावांत ओरडून सांगितलं आहे. जो बाप जिवंत लेकीला मेली म्हणतो, त्याला मी शेठ का म्हणावं? या पत्रात म्हणतो आहे, ते फक्त कनिकासाठी.

विचार करावा. उत्तर द्यावं.

आपला,
मच्छिंद्र गुरुजी
(निवृत्त मुख्याध्यापक व व्याख्याते)


तीर्थपुरी,
३० ऑगस्ट २०२५

श्री. किशनलालजी यांस,
नमस्कार.

माझंच पत्र परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तुमचा मजकूर होता. तुमचेच शब्द मी इथे पुन्हा उतरवतो, कारण ते माझ्याच हाताने लिहून पाहायची मला गरज आहे.

"गुरुजी, पत्र वाचलं. त्यात मी, मी, मी किती वेळा आहे ते मोजायला बसलो आणि सोडून दिलं. मुलीचं नाव दोनदा आहे. तुम्ही कुणाला साहेब म्हणत नाही, चांगलं आहे. पण लोक तुम्हाला गुरुजी म्हणतात तेव्हा आजपर्यंत कितीजणांना थांबवलं? खाली सहीसुद्धा गुरुजी म्हणूनच केली. आणि एक. पत्रिका मी छापली, बराबर. पण एकही पाठवली नव्हती."

पहिला घाव बसला. बसायलाच हवा होता. पण शेवटचं वाक्य मी खोटं मानलं. मनात म्हणालो, व्यापारी माणूस, आता अंग काढून घेतो आहे. हे तुमच्याबद्दल मनात आलं होतं, ते लपवून पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

गुरुवारी श्रेयांस इकडे बाजाराला आला होता. त्याला घरी बोलावून घेतलं.

"पत्रिका कुणाकुणाला गेल्या रे?"

"कुणालाच न्हाई, गुरुजी. दोनशे छापल्या होत्या. मीच गठ्ठा घेऊन आल्तो. काकी म्हणली, पोस्टात टाकायच्या तर माझीबी एक छापून आणा, दोन्ही संगंच टाका. मंग काकाजी उठले. त्या गठ्ठ्यावर सरकीची पोती रचली. आठ दिवस त्या कोपऱ्यात कुणी गेलं न्हाई."

"मग कल्याणच्या फोनवर फोटो कसा आला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मीच पाठवला. म्हणलं, बघ बाबा, तुझ्यापायी आमच्या घरात काय चालू आहे. तुम्ही स्टेजवर वाचताल, हे मला काय माहीत?"

"अरे, मला एकदा सांगायचं तरी."

"तुम्ही कुठं कुणाला विचारलं?"

त्याने हे रागाने म्हटलं नाही. उलट घाबरत म्हटलं.

किशनलालजी, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. माणूस रागात काय बोलतो आणि राग गिळून काय करतो, यात केवढं अंतर असतं ते मी मुलांना वर्गात शिकवलं. एका बापाने संतापात दोनशे कागद छापले आणि त्यातला एकही उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. ते आठ दिवस त्या बापाचे होते. नववा दिवस मी त्याच्या हातून हिसकावून घेतला. जे तुमच्या हातून टपालात पडलं नाही, ते मी चाळीस हजार लोकांच्या हातात दिलं. वडीगोद्रीच्या त्या संध्याकाळपर्यंत तुमची मुलगी तुमच्या घरात जिवंत होती. तिला मेली असं जगाला सांगणारा पहिला माणूस मी आहे.

वरती आधी "व्याही" असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते नातं तुम्ही दिल्याशिवाय मला घेता येत नाही. "माननीय" आणि "शेठ" मुद्दाम गाळले. पहिल्या पत्रात ते मी उपकार केल्यासारखे लावले होते. तसल्या मानापेक्षा साधं "जी" बरं.

काय केलं तर हे निस्तरेल ते कळवा.

मच्छिंद्र गुरुजी
(हे "गुरुजी" खोडणार होतो. पण लगेच खोडलं असतं तर तोही देखावाच झाला असता.)


तीर्थपुरी,
१९ सप्टेंबर २०२५

किशनलालजी शेठ,

शेठ परत लावला आहे. का, ते खाली येईल.

तुमचं उत्तर मिळालं. "काय करायचं ते मी सांगणार नाही. मी बाजारात गेलो की लोक हसत विचारतात, शेठ, तेराव्याचं जेवण कधी घातलं? आता मुलीला घरी आणली तर म्हणतील, भाषणाला भिऊन आणली. नाही आणली तर म्हणतील, मेलेलीच आहे. दोन्ही दारं तुम्ही बाहेरून लावून टाकली. माझी बायको रोज सकाळी मला चहा देते आणि काही बोलत नाही. एवढंच."

हे मी मीनाला वाचून दाखवलं. तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही. तिने माझं एकही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही. म्हणाली, "जिथं घाण केली तिथंच झाडू मारावा लागतो. घरात बसून पत्रं लिहून काय होणार?"

सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, वडीगोद्रीला माझं भाषण ठरलेलंच होतं. तेच मैदान, तीच माणसं. मी तीन दिवस बसून माफीचं भाषण लिहिलं. अकरा पानं झाली. त्यात बाप आणि मुलगी यांच्या नात्याचा इतिहास होता, क्षमेचं तत्त्वज्ञान होतं, जगातल्या पाच थोर माणसांच्या चुका होत्या. मीनाने पानं चाळली.

"ही माफी हाय का निवडणुकीचा जाहीरनामा?"

"विषय समजावून सांगावा लागतो."

"पाच वाक्यं बोला अन् खाली बसा. तुमचं सहावं वाक्य नेहमी तुमच्याबद्दल असतंय."

मी पाच वाक्यं बोललो. ती अशी होती:

"फेब्रुवारीत इथे मी किशनलालजी शेठ यांनी छापलेली पत्रिका वाचली. ती त्यांनी कुणालाही पाठवली नव्हती, आणि मी ती त्यांना किंवा त्यांच्या मुलीला न विचारता वाचली. मुलगी मेली असं जगाला त्यांनी सांगितलं नाही, मी सांगितलं. वडीलधाऱ्या माणसाला मी एकेरी नावाने ललकारलं, तो धीटपणा नव्हता, उर्मटपणा होता. मी त्यांची आणि माझ्या सुनेची माफी मागतो."

खाली बसलो. टाळी एकही पडली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, शेठनं सरकीचं पोतं पाठवलं काय घरी?" त्यावर मात्र मैदान हसलं. आभार मानणाऱ्या माणसाने माझं नाव वगळलं. पुढच्या महिन्यातलं एक व्याख्यान काल रद्द झालं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्ही सात महिने जे ऐकत आहात, त्यातला घोटभर मी चाखला. या भाषणाचाही व्हिडिओ झाला आहे. आजपर्यंत तो अकराशे लोकांनी पाहिला. उरलेल्यांपर्यंत कसं पोचायचं ते मला माहीत नाही.

आता एक गोष्ट, जी मी दोन पत्रांत तुमच्यापासून लपवली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पत्रिका "आमच्या हाती आली". आमच्या म्हणजे कल्याणच्या आणि माझ्या. कल्याणने मला फोटो दाखवला आणि बजावलं, "बाबा, तिला यातलं काही माहीत न्हाई. सांगू नका." मी सांगितलं नाही. मी तिला मीनाशेजारी तिसऱ्या रांगेत बसवलं आणि वर जाऊन माईकवर वाचलं. आपल्या वडिलांनी आपल्या फोटोला हार घातला, हे कनिकाने लाऊडस्पीकरवरून ऐकलं. ती उठून गेली, ते मी वरून पाहिलं होतं. तरी थांबलो नाही. आवाज लागला होता.

त्या रात्रीपासून ती माझ्याशी अदबीने बोलत आली आहे. पाणी हवं का, जेवण वाढू का, गोळी घेतली का. त्यापलीकडे काही नाही. सतरा तारखेला आम्ही परत आलो तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही पप्पांचं नाव घेतलं ना, तेव्हा मी मेल्याचं दुःख मागं राहिलं. असं वाटलं, पप्पांनाच कुणी चौकात उभं करून मारून राह्यलंय, अन् मी खुर्चीवर बसून बघून राह्यले."

म्हणून शेठ लावला आहे. तुम्हाला नव्हे, तिच्या पप्पांना. माणसाच्या डोक्यावरची पगडी आपण आधी दोन्ही हातांनी नीट बसवावी. मग ती काढून ठेवायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. हे मला चाळीस वर्षांच्या भाषणांत सुचलं नव्हतं.

तुम्हाला मी काय म्हणू, हे तुम्हीच सांगा. जे सांगाल ते म्हणेन.

मच्छिंद्र


तीर्थपुरी,
८ ऑक्टोबर २०२५

किशनलालजी शेठ,

रविवारी, बारा तारखेला, तुम्ही आणि लाडबाई येत आहात, हे कळवणारं तुमचं पत्र कनिकाच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं आणि मीनाला विचारलं, "आई, खरंच पप्पांचं अक्षर आहे ना?" वास्तविक ते अक्षर तिच्याइतकं कुणीच ओळखत नसेल.

माझ्यासाठी तुम्ही जे लिहिलं तेही वाचलं. "आमच्यात व्याह्याला ब्याईजी म्हणतात. तो शब्द मला अजून जमणार नाही. गिऱ्हाईक मला शेठ म्हणतात, आणि तुम्ही गिऱ्हाईक नाही. मग नावच उरतं. पण ते नाव तुमच्या तोंडून एकदा खराब झालेलं आहे. तुमच्या दारात, तुमच्या गल्लीसमोर, ते एकदा नीट घेऊन दाखवा. नंतर खुशाल लिहा."

मान्य आहे. बिलकुल रास्त आहे.

घरात धावपळ चालली आहे. लाडबाई कांदालसूण खात नाहीत, हे कनिकाने सांगितल्यापासून मीनाने भांडी दोनदा घासली. मी आपला नाव म्हणून बघतो आहे. हसू नका. दहा हजारांच्या सभेत मला कधी पूर्वतयारी लागली नाही.

मच्छिंद्र


तीर्थपुरी,
१४ ऑक्टोबर २०२५

किशनलाल,

परवा जीपमध्ये बसताना तुम्ही म्हणालात, "आता लिहा." म्हणून लिहितो आहे. पण दारात जे झालं ते तुम्ही बाहेरून पाहिलं. आतून ते कसं होतं, ते सांगायचं राहून गेलं.

जीप थांबली. लाडबाई उतरल्या आणि इकडेतिकडे न बघता सरळ घरात शिरल्या. आतून फक्त "म्हारी छोरी" एवढे दोन शब्द आले आणि मग रडणं. मीना बाहेर येऊन त्यांची चप्पल घेऊन गेली. स्वयंपाकघरात त्यांचं काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. लाडबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणू?" आमची म्हणाली, "मीना म्हणा की. अन् दूध उतू चाललंय, तेवढं बघा." आपल्याला दोन महिने आणि चार पत्रं लागली, किशनलाल.

तुम्ही मात्र बाहेरच उभे राहिलात. पांढरा सदरा, हातात पिशवी, आणि मागे सगळी गल्ली. व्हिडिओ पाहिलेली गल्ली. मी उंबऱ्यात आलो. मला फक्त तुमचं नाव घ्यायचं होतं, मान देऊन, बसक्या आवाजात, जसं घरी आलेल्या माणसाचं घेतात. आणि ते आलं नाही. जीभ वर उचलायला गेलो की कानात माझाच लाऊडस्पीकर वाजायचा, "किशनलाल, ऐक!" दुसऱ्या कुठल्या सुरात ते नाव माझ्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. समोरची चतुराबाई म्हणाली, "काय झालं गुरुजी, लाईट गेली का? माईक बंद पडला?" गल्ली हसली. तुम्ही हसला नाहीत.

मी अनवाणी पायरी उतरून खाली आलो. तुमच्यासमोर उभा राहिलो. "या," म्हणालो.

"बस? एवढंच?"

"एवढंच निघून राह्यलंय."

तुम्ही एकदा जीपकडे पाहिलंत. मला वाटलं, आता हा माणूस मुलीला हाक मारेल, जीपमध्ये घालेल आणि माझ्या उंबऱ्याला पाय न लावता निघून जाईल. तो तुमचा हक्क होता. नाव नीट घ्यायचं हे ठरलेलं होतं, आणि मला ते जमलं नव्हतं.

तुम्ही चतुराबाईकडे वळलात. "बाई, माझी मुलगी आहे आत. सातवा लागलाय. न्यायला आलोय." गल्लीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणालात. मग पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा माझ्या खांद्यावर ठेवला.

"चला मच्छिंद्र, आत चला. पाणी तरी पाजा."

माझे आईवडील गेल्यापासून मला कुणी या नावाने हाक मारलेली नाही. मीना तर माझं नाव घेत नाही. बाकी सगळ्या जिल्ह्याला मी गुरुजी. आत जाऊन तुम्हाला पाणी दिलं आणि मागच्या अंगणात गेलो, ते का, हे तुम्हाला कळलं असणार.

नाव कसं घ्यायचं ते मी तुमच्याकडून ऐकलं. अजून मोठ्याने जमत नाही. कागदावर जमतं आहे, तेवढं तूर्त चालवून घ्या.

कल्याण रविवारी तुमच्याकडे येतो आहे. त्याच्याबरोबर कनिकाचं स्वेटर आणि सोनोग्राफीची फाईल पाठवतो. तिची रक्त वाढायची गोळी रोज जेवणानंतर असते. तोंडाची चव जाते म्हणून ती टाळते. घेतली म्हणून सांगते आणि उशीखाली ठेवते. किशनलाल, समोर बसून घ्यायला लावा.

मच्छिंद्र